घोरण्याची लेखी संमती

ॲप स्टोअरचा नकार आला तेव्हा टिल्लू दात घासत होता. उंची सहा फूट, दाढीत पांढरे केस डोकावू लागलेले, तरी घरात त्याचं नाव टिल्लूच राहिलं होतं. चांगली नोकरी सोडून त्याने आणि बायकोने मिळून एक ॲप बनवलं होतं. माणूस घोरू लागला की ते ओळखायचं आणि उशाशी ठेवलेला फोन थरथरवून त्याला कूस बदलायला लावायचं. महिनाअखेरपर्यंत ते स्टोअरवर लागलं नाही, तर टिल्लूने जुन्या साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं, असं ठरलं होतं.

नकाराचं कारण साधं होतं. ॲप चालताना दिसत नाही, व्हिडिओ जोडा. टिल्लू निश्चिंत झाला. घोरण्याच्या बाबतीत त्याचं घर स्वयंपूर्ण होतं. दुपारी जेवण करून अण्णा, म्हणजे त्याचे वडील, आडवे झाले आणि थोड्याच वेळात खिडकीची तावदानं खडखडू लागली. फोन थरथरला, अण्णा कुशीवर वळले, आवाज बंद. चित्रीकरण झकास झालं.

पुन्हा नकार. व्हिडिओतल्या व्यक्तीची लेखी संमती नाही.

अण्णा निवृत्त वकील. टिल्लूने पुढे केलेला कागद त्यांनी न वाचताच बाजूला सारला. "मी घोरतच नाही, तर संमती कशाची देऊ?"

टिल्लूने व्हिडिओ दाखवला. अण्णांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि तो आवाज शेजारच्या घरातल्या ड्रिलचा असल्याचं सांगितलं. त्यावर आई शांतपणे म्हणाली, "लग्न झाल्यापासून ते ड्रिल माझ्याच शेजारी आहे."

अण्णा जेवणापुरतंच बोलू लागले. म्हणून टिल्लू स्वतःच पलंगावर पडला आणि घसा खरवडून घोरू लागला. बायकोने चित्रीकरण केलं. पण ॲप प्रामाणिक निघालं. 'हे घोरणं नाही,' असं पडद्यावर झळकत राहिलं. बायकोचं लक्ष टिल्लूच्या चेहऱ्याकडे होतं आणि व्हिडिओ तसाच गेला. स्टोअरने कळवलं, ॲपला घोरणं ओळखता येत नाही.

आता अण्णांचे पाय धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बायकोने सासऱ्यांपुढे चहा ठेवला आणि सगळं खरं खरं सांगितलं. सून रडवेली झालेली पाहून अण्णा विरघळले, मात्र मसुदा आपणच करणार म्हणाले. 'मी घोरत नाही; तथापि निद्रावस्थेत माझ्या श्वासाचा जो ध्वनी होतो, त्याच्या चित्रीकरणास माझी हरकत नाही.' खाली झोकदार सही.

स्टोअरने तो कागद बारकाईने वाचला. संबंधित व्यक्ती घोरत नसल्याचं तिनेच लिहून दिलं आहे, सबब ॲप ग्राहकांची दिशाभूल करतं. नकार.

टिल्लूने डोक्याला हात लावला. शेवटचा मार्ग म्हणून त्याने फोनवर दाद मागितली. वेळ मिळाली ती भर दुपारची. अण्णा म्हणाले, मसुदा माझा आहे, बाजूही मीच मांडणार. टिल्लूने एक फोन स्पीकरवर ठेवला आणि वेळ पडलीच तर दाखवायला म्हणून दुसऱ्या फोनवर ॲप सुरू केलं.

पलीकडून स्टोअरचे तपासनीस म्हणाले, "बोला." अण्णांनी 'तथापि'पासून सुरुवात केली. 'निद्रावस्था' या शब्दाची फोड झाली, मग 'ध्वनी'ची. पलीकडचे हुंकार हळूहळू विरळ होत बंद पडले. टिल्लूला वाटलं, साहेब चिडले. तो अण्णांना थांबवणार, इतक्यात स्पीकरमधून एक लांब, संथ घरघर आली. टेबलावरचा दुसरा फोन थरथरला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'कृपया कूस बदला.'

अण्णा गप्प झाले. त्या शांततेने पलीकडे जाग आली.

"हं, ऐकतोय मी. पुढे?"

अण्णांनी आवाजात कोर्टातलं मार्दव आणलं. "साहेब, ॲप आत्ताच चाललं. सगळं ध्वनिमुद्रित आहे. पुरावा म्हणून जोडतो. फक्त त्यासाठी तुमची लेखी संमती लागेल."

मग तपासनीस घसा साफ करत म्हणाले की तशी काही आवश्यकता वाटत नाही.

संध्याकाळच्या आत ॲप स्टोअरवर झळकलं. सूनबाईंनी अण्णांना वाकून नमस्कार केला. "बघ," अण्णा आईला म्हणाले, "मुद्दा नीट विस्ताराने मांडला की समोरच्याला पटतो."

आईने मान डोलावली, आणि त्यांच्या उशाशी नेऊन फोन ठेवला.