बंकट चांगलं बोलला

केजच्या लसीच्या ऑफिसात पाल चुकचुकली तरी आपल्याला आधी कळतं, असं सिद्धारामआप्पा छातीवर हात ठेवून सांगायचे. ऑफिस होतं परदेशी संस्थेचं. मोठे साहेब सातासमुद्रापलीकडं, मधले दिल्लीला, आणि केजला डॉक्टर केदारनाथ. पण लसीच्या फ्रीजची चावी आप्पांच्या करदोट्याला. "साहेब येत्यात, साहेब जात्यात," आप्पा बायकोला, नीलम्माला, म्हणायचे, "हापिस उभं हाय ते ह्या चावीवर."

यात बढाई होती, पण खोटं फारसं नव्हतं. लस दोन ते आठ डिग्रीच्या मधेच राहिली पाहिजे, नाहीतर ती पाणी. आप्पा सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेपाचला फ्रीज उघडून पारा बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे. लाइट गेली की घरनं आणलेली नीलम्माची गोधडी फ्रीजवर टाकायचे आणि कुणाला झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. नऊ वर्षांत रजिस्टरातला एक रकाना कोरा नव्हता. आणि नऊ वर्षांत एकानंही "आप्पा, बरं सांभाळता" असं म्हटलं नव्हतं. ते ऐकायला आप्पांचा जीव आसुसला होता, पण हे त्यांनी नीलम्मालाही कधी सांगितलं नाही.

जीपचा ड्रायव्हर बंकट तर त्यांच्याशी बोलतच नव्हता. दोन वर्षांमागं, आष्टीकडच्या उन्हातनं येऊन त्यानं अर्धं कलिंगड लसीच्या फ्रीजात ठेवलं. आप्पांनी ते बाहेर काढलं, वर डॉक्टरांना लेखी कळवलं. बंकटला मेमो मिळाला. तेव्हापासून दोघं एकाच जीपमधनं गावंच्या गावं हिंडायचे, पण शब्द नाही. आप्पांना लघवीला उतरायचं असलं तर मागं बसलेल्या आश्रुबा शिपायाला म्हणायचे, "आश्रुबा, गाडी थांबवाया सांग." आश्रुबा ते पुढं सांगायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात दिल्लीहून रुचिका मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या, बोलायला गोड. म्हणाल्या, तीन दिवस टीम बिल्डिंग करायचं, म्हणजे ऑफिसातली माणसं एकमेकांना बांधली जातात. त्यासाठी मंगल कार्यालय घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोल बसवून लोकरीचा गुंडा एकमेकांकडं फेकायला लावला. सगळे गुंतले. सोडवायला चहाची वेळ गेली, आणि लोकर वाया कशाला घालवायची म्हणून आश्रुबानं ती नातवाच्या टोपीसाठी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मीटिंगला बीडला गेलेले. मॅडमनी मधोमध खुर्ची ठेवली. "एकानं इथं बसायचं. बाकीच्यांनी त्याच्याबद्दल मनापासून चांगलं बोलायचं. कोण येतंय?"

सगळ्यांनी आप्पांना ढकललं.

सुरुवात क्लार्क जीवननं केली. जीवनला कुणाबद्दल चांगलं बोला म्हटलं की एकच भाषण येत होतं. ते त्यानं आजवर सहा माणसांच्या निरोपाला म्हटलेलं. तो उठला, घसा साफ केला आणि तेच म्हणाला. "मनमिळाऊ स्वभाव, निष्कलंक सेवा," इथपासून सुरू होऊन गाडी "त्यांचं पुढील आयुष्य सुखासमाधानाचं जावो" इथं थांबली. आप्पा खुर्चीत जरा सावरून बसले.

आश्रुबा म्हणाला, "आप्पावानी मानूस पुन्ना मिळायचा न्हाई." त्याचे डोळे भरून आले. आश्रुबाचे डोळे लग्नातही भरून येत, पण आप्पांना ते त्या वेळी आठवलं नाही.

मग उठला बंकट. टोपी काढून हातात धरली, परत डोक्यावर घातली. खाली बघत म्हणाला, "ह्यो मानूस कडू हाय. पर ह्येच्या फ्रीजातली लस मी माज्या लेकीला डोळे झाकून दिली. दुसऱ्या कुनाच्या हातची दिली नसती."

एवढं बोलून तो बसला, आणि आप्पांना शंका आली. ऑफिसात माणसाबद्दल सगळे एका सुरात चांगलं बोलतात ते दोनच वेळा. एकदा तो रिटायर होताना आणि एकदा तो गेल्यावर. आप्पांनी हळूच मनगट चाचपलं. नाडी चालू होती. म्हणजे पहिलंच. पण वय तर त्रेपन्नच. म्हणजे काढून टाकलं, आणि तोंडावर सांगायला नको म्हणून दिल्लीची बाई बोलावून ही खुर्ची मांडली. डॉक्टर बीडला का गेले तेही आता कळलं.

"सिद्धारामजी, तुम्हाला काही बोलायचंय?" मॅडमनी विचारलं.

आप्पा उभे राहिले, हात जोडले. "नऊ वर्सं तुमी संबाळून घेतलं. चुकलंमाकलं पोटात घाला. बंकट, कलिंगडाचं लिवून द्याया नको होतं. तोंडानं बोललो असतो तरी भागलं असतं." पुढं त्यांना रडूच फुटलं. त्यांनी सदरा वर केला, करदोट्याची चावी सोडली आणि मॅडमच्या हातावर ठेवली.

मॅडम हरखून गेल्या. इतक्या शिबिरांत कुणी आपणहून चावी काढून दिलेली त्यांनी पाहिली नव्हती. "याला म्हणतात विश्वास," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चावी त्यांनी आश्रुबाकडं दिली. वहीत पानभर काहीतरी लिहिलं.

आप्पा घरी आले ते सरळ चुलीपाशी जाऊन बसले. नीलम्मा भाकरी थापत होती.

"माजी नोकरी गेली वाटतं."

"वाटतं म्हंजे? कोन म्हनलं?"

"कुनी न्हाई म्हनलं. पर सगळे चांगलं बोलले."

"मग चांगलं हाय की. त्यात रडाया काय झालं?"

"बंकट चांगलं बोलला."

नीलम्माचा हात थांबला. परातीतली भाकरी तशीच राहिली. "मग गेलीच," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी साडेपाचला आप्पा अंगणात उभे होते आणि हात उगाचच कमरेशी जात होता. आज रकाना कोण भरणार, एवढंच ते दोनदा म्हणाले. नीलम्मा जेवायला वाढून शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "रडतराऊतावानी जायचं न्हाई. नऊ वर्सं खाल्लं त्या हापिसाचं. सगळ्यांना गोड खाऊ घालू आन् मंग निघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्रीचे कपडे घालून आणि नीलम्मा गव्हाच्या खिरीचं पितळी पातेलं घेऊन मंगल कार्यालयात हजर. ते बघून ऑफिस चक्रावलं. बायको, खीर, इस्त्री! म्हणजे आप्पांनी राजीनामा दिला. काल रडले ते यासाठीच. विचारायचं कसं, माणूस दुखावलेला. जीवन गुपचूप बाजारात जाऊन शाल आणि नारळ घेऊन आला. इकडे आप्पांनी शाल पाहिली आणि उरलीसुरली शंका मिटली.

डॉक्टर केदारनाथ आले. जीवननं त्यांच्या हातात शाल दिली. शाल हातात आली की पांघरायची, ही साहेबांची जुनी सवय. त्यांनी पांघरली, नारळ दिला, फोटो निघाला आणि मगच विचारलं, "पण आप्पा, जाताय कावून? लस कोन बघनार?"

"ते तुमीच ठरवलं असंल की साहेब."

"मी काय ठरवलं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मॅडमना सगळं समजायला पाच मिनिटं लागली, आणि सगळ्यांना समजावायला अर्धा तास. "अहो, तो खेळ होता," त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. नीलम्मा पळी हातात धरून उभी होती. केलेली खीर परत कशी न्यायची, म्हणून सगळ्यांनी ती मान खाली घालून खाल्ली. आप्पा आश्रुबाकडून चावी घेऊन थेट ऑफिसात पळाले. पारा पाचवर होता. कालचा रकाना मात्र कोरा राहिला होता.

दुसऱ्या दिवशीपासून बंकटनं पुन्हा बोलणं बंद केलं. "मानूस चाललाय म्हनून बोललो," त्यानं आश्रुबाला सांगितलं, "ह्यो तर हितंच हाय."

मॅडमचा अहवाल दिल्लीला गेला, तिथून समुद्रापलीकडं. वरच्यांना तो फार आवडला. केजची टीम इतकी एकजीव आहे की कुणीही कुणाचंही काम आनंदानं सांभाळील, फ्रीज सांभाळणाऱ्यानं तर स्वतःहून चावी सोडली, असं त्यात होतं. भाद्रपदात पत्र आलं. अशा टीमला वेगळ्या माणसाची गरज नाही. लसीचा साठा बीडला हलवावा आणि केजची ती एक जागा कमी करावी. डॉक्टरांनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवशी आप्पांनी साडेपाचचा पारा लिहिला आणि खाली रेघ मारली. मग इस्त्रीच्या कपड्यात थोडा वेळ उगाच बाकावर बसले. डॉक्टर आत कागदात डोकं घालून होते. त्यांना वर बघवत नव्हतं. जीवन जवळ आला, चुळबुळला आणि म्हणाला, "आप्पा, कार्यक्रम केला असता, पण तुमची शाल तर झालीय."

"झालीय की," आप्पा म्हणाले. चावी त्यांनी टेबलावर ठेवली आणि फ्रीजवरची गोधडी घडी करून काखेत मारली.

बाहेर बंकटनं जीप चालू ठेवली होती. आप्पा पुढं बसले. मागं आश्रुबा नव्हता, त्यामुळं निरोप पोचवायलाही कुणी नव्हतं. घराशी गाडी थांबली. आप्पा उतरले तसा बंकट समोरच्या काचेकडं बघत म्हणाला, "आप्पा, त्या दिशी बोललो ते खेळातलं न्हवतं." आणि गाडी वळवून गेला.

नीलम्मा दारात होती. तिनं काखेतली गोधडी घेतली. "कुनी काय बोललं का?"

"बंकट बोलला."

"काय बोलला?"

"चांगलं."

नीलम्मा उंबऱ्यावरच बसली. गोधडी मांडीवर घेऊन तिच्यावरनं हात फिरवत राहिली.

"मग ह्या बारीला खरंच गेली," ती म्हणाली.