तीन एक्के आणि एक बादली

मागच्या खोलीचा प्रश्न पोकर खेळून सोडवायचा, असं वडिलांनी रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. तसा तो दोन मिनिटांत सुटला असता. लेकीला अभ्यासासाठी दार असलेली खोली हवी होती, आईचंही तेच म्हणणं होतं, आणि त्या खोलीत वडिलांचे अकरा रेडिओ गेली नऊ वर्षं दुरुस्त होत होते. घरात माणसं तीन. मतदान घेतलं तर काय होईल, एवढं ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या वडिलांना कळत होतं. म्हणून पत्ते.

"चिपांऐवजी कपड्यांचे चिमटे," वडील म्हणाले. "प्रत्येकी बारा. माझे संपले तर खोली तुमची. तुमच्यापैकी एकीचेही संपले, तर रेडिओ जागेवर."

"वा! न्याय म्हणजे अगदी न्याय," लेक म्हणाली.

"अहो, मशीन आत्ता थांबेल. चिमटे लागणार आहेत मला," आई म्हणाली.

"खेळात घरकाम आणायचं नाही!"

मग त्यांनी पंचवीस मिनिटं नियम समजावले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधोमध पाच उघडे, त्यांतून आपले उत्तम पाच जमवायचे. दर डावाला आधी प्रत्येकाने एकेक चिमटा मध्ये टाकायचा. मग दुसऱ्याने लावले तेवढेच लावले की कॉल, वाढवले की रेझ. लेक तीन वर्षं कॉलेजच्या कँटीनमध्ये हेच खेळत होती, पण तिने मुकाट ऐकून घेतलं. वडिलांना मध्येच तोडलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

दुसऱ्याच डावात वडिलांना दोन राजे आले. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि धाडकन पाच चिमटे पुढे सरकवले. "रेझ!"

दोघींनी ताबडतोब पत्ते टाकले. दोन राजांच्या बदल्यात दोन चिमटे मिळाले. त्यातला एक तुटका.

"अशाने कोण खेळेल तुमच्याशी?" आईने विचारलं.

हे त्यांच्या फार मनाला लागलं. ऑफिसातला स्टोअरकीपर जेवणाच्या सुट्टीत नेहमी सांगायचा, 'साहेब, पत्ते भारी आले की मेल्याचं सोंग घ्यायचं. नुसता कॉल. समोरचा आपणहून चालत येतो.' (स्टोअरकीपरच्या हाताखालून दोन कपाटं आणि एक टाइपरायटर असेच आपणहून चालत गेले होते, पण तो विषय वेगळा.)

पुढच्या तीन डावांत शिकवण्याच्या नादात वडिलांचे चार चिमटे गेले. आणि मग दोन एक्के आले! मधले पहिले तीन पत्ते उघडले: बदाम एक्का, बदाम नव्वी, चौकट तिर्री. तीन एक्के! वाढवावं? छे. पुन्हा पळतील दोघी. वडिलांनी चेहरा इतका पाडला की लेकीला वाटलं त्यांची दाढ दुखतेय. तिने पत्ते टाकून दिले. आईने एक चिमटा लावला.

"कॉल," वडील कण्हले.

चौथा पत्ता, किल्वर राणी. आत मशीनची शिट्टी वाजली. आईने दाराकडे पाहिलं, मग चिमट्यांकडे पाहिलं आणि आणखी एक लावला.

"काय करावं बुवा... कॉल."

पाचवा पत्ता, बदाम दुर्री. आईने तीन चिमटे लावले. सावज पिंजऱ्यात आलं होतं! वडिलांनी उरलेले सगळे चिमटे दोन्ही हातांनी पुढे ढकलले. "आता बोल!"

"बरं," आई म्हणाली आणि तेवढेच पुढे केले.

वडिलांनी एक्के एकेक करून, मिठाई वाढावी तसे मांडले. आईने बदामची सत्ती आणि चौकी ठेवली.

"हे काय?"

"मधले तीन बदाम, माझे दोन. पाच एका रंगाचे झाले की एक्क्यांवर भारी, तुम्हीच सांगितलंत ना? दोनदा सांगितलंत."

"पण असल्या फुटकळ पत्त्यांवर तू थांबलीस कशाला?"

"थांबणार होते कुठे! तुम्ही आधी एकदा जरी वाढवले असते ना, तरी मी टाकून उठले असते. कपडे आंबत होते. पण तुम्ही आपले कॉल, कॉल. म्हटलं एकेक चिमटा तर लागतोय, बसू. नाहीतरी चिमटे सुटल्याशिवाय मला जायचं कुठे होतं?"

लेक तोवर मागच्या खोलीत पोचली होती. "बाबा, पहिला कुठला काढू? वायरवाला की बिनवायरवाला?"

"मी मुद्दाम हरलो," वडिलांनी जाहीर केलं. आईने छत्तीस चिमटे बादलीत टाकले आणि बादली त्यांच्या हातात दिली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरने डबा बाजूला सारून विचारलं, "साहेब, तीन एक्के? आणि नुसता कॉल? शाब्बास! मग?"

"मग काय," वडील म्हणाले, "कपडे वाळत घातले."