आबांचं तोंड, जावयाचा आवाज

लीलाधर फालक ह्या गृहस्थावर आयुष्यात जी जी संकटं आली, त्यांतली बहुतेक ‘त्यात काय एवढं!’ ह्या तीन शब्दांनी आली. नळाचा वॉशर बदलणं असो की मेहुण्याच्या लग्नात जनरेटर चालू करणं असो, लीलाधर आधी हे तीन शब्द उच्चारत असे आणि मग बायको हेमलता देवासमोर दिवा लावत असे. जळगावात एका डाळ मिलच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता. तिथले लोक त्याला मोबाइलमधला जाणकार समजत. (त्यांनी त्याचा मोबाइल कधी हातात घेऊन पाहिला नव्हता, म्हणून.)

तर झालं असं, की चैत्रातल्या एका सकाळी सावद्याहून सासऱ्यांचा फोन आला. गिरधर आबा म्हणजे सावद्यातले नामांकित केळीवाले. केळी ह्या विषयावर ते कोणाशीही, कितीही वेळ बोलू शकत. ऐकणाऱ्याने सुटका करून घेतली तर त्याच्या मागे चालत चालत बोलत. अशा माणसाला कुठल्याशा शेतीच्या ॲपवाल्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं. लाइव्ह! म्हणजे आबा बागेत उभे राहून बोलणार आणि महाराष्ट्रभर लोक बघणार.

“पन जावईबापू,” आबा म्हणाले, “हे लाइव एकडाव गेलं की गेलं म्हनता. मले ते ठेवाचं आहे. आखाजीले बठ्ठे जमतीन, तवा टीव्हीवर लावू. इथलं नेट तर तुमाले माहीत आहे. तुमचा मेहुना जगदीश मोबाइल धरीन, का रेकॉर्ड करीन?”

“त्यात काय एवढं!” लीलाधर म्हणाला. “मी इथे स्क्रीन रेकॉर्ड करतो. आवाजासकट!”

आतल्या खोलीत हेमलताच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली.

लीलाधरने स्क्रीन रेकॉर्डिंग हा प्रकार तोवर कधी केला नव्हता. पण फोनमध्ये तशी सोय आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण बोट चुकून ते बटण त्याच्याकडून अनेकदा दाबलं गेलं होतं. रात्रीची जेवणं आटोपल्यावर त्याने सेटिंग उघडलं. फोनने विचारलं, आवाज कुठला घेऊ? पुढे पर्याय : ‘नो साउंड’, ‘मीडिया’ आणि ‘माइक’.

“मीडिया म्हणजे काय हो?” हेमलताने खांद्यावरून डोकावत विचारलं.

“मीडिया म्हणजे पत्रकार,” लीलाधर म्हणाला. “त्यांना कशाला मधे घ्यायचं? माइक दाबायचं. सभेत, लग्नात, कीर्तनात आवाज यायला काय लागतं? माइक! साधं लॉजिक आहे.”

आणि खरोखर, त्याने एक क्रिकेटचा तुकडा लावून रेकॉर्ड करून पाहिला तर आवाज आला. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माइकने परत आत घेतला होता, एवढंच. पण लीलाधरला वाटलं, आपण विज्ञान जिंकलं.

मुलाखतीच्या दिवशी रविवार होता आणि ऊन असं, की जळगावच्या रस्त्यावर कुत्रंदेखील सावलीशिवाय भुंकत नव्हतं. घरात कूलर चालू होता. फालकांचा कूलर म्हणजे लोखंडी पेटीत बसवलेलं विमान. त्याच्यापुढे फोनचा स्पीकर काय टिकणार! आबांचे शब्द ऐकू येईनात. तेव्हा लीलाधरला दुसरी कल्पना सुचली. (संकटं अशीच येतात. पहिली कल्पना दुसरीला बरोबर घेऊन येते.) त्याने कानांत इअरफोन घातले. हनुवटीखाली त्याचा छोटासा माइक लोंबू लागला.

“आता कसं, एकदम स्टुडिओ!” तो ओरडला. कानांत बोळे असले की माणूस ओरडूनच बोलतो.

“अहो, पण मला कसं ऐकू येणार?” हेमलता म्हणाली. “माझे बाबा आहेत ते!”

“मी सांगत जातो ना!”

आणि लीलाधर सांगत गेला. तब्बल अर्धा तास. स्क्रीनवर हिरव्यागार केळीबागेत नवी कोरी टोपी घालून, मिशीला कलप लावून आबा उभे होते, हात हलवत होते, आणि त्यांचा शब्द न् शब्द लीलाधरच्या कानात जाऊन तिथेच संपत होता. फोनमध्ये जी नोंद होत होती ती फक्त घरातल्या बोलण्याची.

कार्यक्रम संपल्यावर त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. चित्र उघडून पाहिलं, आबा स्पष्ट दिसत होते.

“आवाज ऐकून घ्या एकदा,” हेमलता म्हणाली.

“टेस्ट केली होती ना? मग!” लीलाधर म्हणाला, आणि फाइल पेन ड्राइव्हवर चढवून मोकळा झाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी हेमलता सावद्याला गेली, आणि ह्या खेपेला जावयालाही मुद्दाम बोलावणं होतं. आबांनी सगळी तयारी केली होती. बैठकीत सतरंजी अंथरली होती, शेवंताबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कैरीचं पन्हं केलं होतं. शेजारपाजारचे लोक, भाऊबंद, बागेतले मजूर, सगळे दाटीवाटीने बसले होते. सर्वांत पुढे खुर्चीवर आबांचे मामेभाऊ, सगळ्या गावाचे कौतिकमामा. त्यांना ऐकायला जरा कमी येई, पण मत द्यायला काही कमी येत नसे.

“हे बठ्ठं आपल्या जावयानं केलं बरं,” आबांनी जाहीर केलं. “आवाजासकट.”

लीलाधर नम्रपणे सतरंजीकडे बघत राहिला. मेहुण्याने, जगदीशने, पेन ड्राइव्ह लावला आणि आवाज पूर्ण सोडला.

टीव्हीवर आबा आले. टाळ्या पडल्या. आबांनी पडद्यावरून सगळ्यांना हात जोडले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि लीलाधरच्या आवाजात म्हणाले,

“हेमा, फुटाणे कुठे ठेवलेत?”

मागे कूलरची घरघर. बैठकीत कोणाला काही कळेना. पडद्यावरच्या आबांनी केळीच्या एका खोडावर हात ठेवला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “डब्याचं झाकण उघडत नाहीये. तू बसवतेस कशाला एवढं घट्ट?”

मजुरांमध्ये कोणीतरी फसकन हसलं.

“गिरधरचा आवाज बदलला का भो?” कौतिकमामांनी विचारलं. “सर्दी झाली व्हती का?”

लीलाधरच्या कानाची पाळी आधी गरम झाली, मग सबंध माणूस. “जगदीश, काहीतरी टेक्निकल झालंय, बंद कर,” तो पुटपुटला.

“थांबा ना भाऊजी,” जगदीशने रिमोट मांडीखाली सारला. “आबा काय म्हनता ते तर ऐकू द्या.”

आबा म्हणत होते. पडद्यावर त्यांनी एक बोट आभाळाकडे केलं, आणि लीलाधरचा आवाज आनंदाने किंचाळला, “आली! हेमा, आली! मी म्हटलं नव्हतं, गारपिटीची गोष्ट येणार म्हणून? आता बघ, डोळे पुसतील. पुसले! आता म्हणतील, पण मी हरलो नाही. बघ, मूठ आवळली!”

पडद्यावर आबांनी मूठ आवळली होती.

आणि मग त्या घरघरीतून हेमलताचं हसणं ऐकू आलं. चांगलं खळखळून. सतरंजीवर बसलेली हेमलता पदराने कपाळ पुसू लागली. लीलाधरला क्षणभर बरं वाटलं. बुडताना शेजारी कोणी ओळखीचं असलं की बरं वाटतंच.

“आता काय म्हणतायत?” टीव्हीतल्या हेमलताने विचारलं.

“काही नाही, खताचं सांगतायत. तू ऐक, आखाजीला सावद्याला जायचं तर आहे, पण जेवायला वरण-बट्टी नको म्हणावं. तुझ्या आईची बट्टी म्हणजे बापरे! मागच्या वेळी हातातून निसटली तर फरशीला टवका गेला.”

“हळू बोला हो, आईला कळलं तर!”

पडद्यावर आबांनी बट्टीचं सांगताना अगदी प्रेमळ चेहरा केला होता. शेवंताबाईंनी पन्ह्याचा तांब्या खाली ठेवला. आवाज करून ठेवला.

“हा गिरधर सोताच्या सासूले काबरं बोलून राह्यला?” कौतिकमामांनी आश्चर्याने विचारलं. “चांगली बाई व्हती ती.”

आता लोकांना धरबंध राहिला नाही. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, मजूर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. लीलाधर टीव्हीच्या पिनेपर्यंत पोचायला उठला, तर एका चुलत सासऱ्याच्या पायात पाय अडकून परत खाली बसला. आणि नेमकं तेव्हा ते आलं.

पडद्यावर आबांनी केळीचा एक मोठा घड लेकरासारखा कुरवाळला. जगदीशने मोबाइल जवळ नेला होता. आबांचे डोळे भरून आले होते. आणि ते म्हणाले,

“हेमा, खरं सांगू? मला केळी डोळ्यांसमोर नको होतात. लग्न झाल्यापासून तुझे बाबा दर महिन्याला पेटी पाठवतात आणि मी ती कोपऱ्यावरच्या गाईला घालतो. ती गाय मला आता रस्त्यात बघून उभी राहते.”

बैठकीतलं हसू दिव्यासारखं विझलं. सावदा आहे ते. तिथे माणसाने काहीही बोलावं, पण केळ्याला नावं ठेवू नयेत. कौतिकमामांना एवढं वाक्य मात्र लख्ख ऐकू आलं होतं. त्यांनी लीलाधरकडे असं पाहिलं, की जणू जावयाने देव्हाऱ्यात चपला ठेवल्या.

आबा उठले, टोपी सारखी केली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

जगदीशने टीव्ही बंद केला. “भाऊजी, मनाला लावून घेऊ नका,” तो हळूच म्हणाला. “मूळ मुलाखत आहे आपल्याकडे. त्या ॲपवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी टाकली होती. आवाज एकदम साफ आहे.”

लीलाधर त्याच्याकडे बघतच राहिला. “म्हणजे रेकॉर्ड करायची गरजच नव्हती? मग मला सांगितलं का नाहीस?”

“मी फोन केला होता ना तुम्हाला! तुम्ही म्हणाले, आपली क्वालिटी वेगळी आहे.”

हे खरं होतं. लीलाधर तसं म्हणाला होता.

“जा ना बाहेर,” हेमलता दातांवर दात ठेवून म्हणाली. “काहीतरी बोला त्यांच्याशी. आणि कृपा करून, विचार करून बोला.”

लीलाधर ओट्यावर गेला. आबा पाठमोरे बसले होते. म्हातारा माणूस, इतक्या हौसेने चारचौघांना बोलावलं, आणि आपण त्याच्या तोंडी काय घातलं! लीलाधरला खरंच भरून आलं. तो शेजारी बसला.

“आबा, चुकलं माझं.”

आबांनी मान न वळवता पायानेच एक चप्पल सरळ केली. मग म्हणाले, “गारपिटीचं बोलले, त्याचं मले काही नाही. मी सांगतोच ते लई डाव.” त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं, तिथे कोणी नाही ह्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. “बट्टीचं तर खरंच आहे. माह्या दोन दाढा गेल्या. पन केळं? जावईबापू, काबरं खोटं बोलले इतके वर्स?”

“आबा, मुलगी बघायला आलो तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला होता? ‘केळं आवडते का?’ मी नाही म्हणालो असतो तर हेमा दिली असती मला?”

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसती देली,” ते म्हणाले. आणि त्यांची कलप लावलेली मिशी थरथरली. ते हसत होते.

लीलाधरला एकदम मोकळं वाटलं. इतका मोठ्या मनाचा माणूस! हेमलताने विचार करून बोलायला सांगितलं होतं, पण भावना आवरेना.

“आबा, मला माझीच लाज वाटते,” तो म्हणाला. “तुम्ही एवढ्या मायेने बागेतला निवडक माल पाठवायचा, आणि मी तो खुशाल गाईला घालायचा!”

आबा हसायचे थांबले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. टोपी काढली, झटकली, परत घातली.

“निवडक तं व्हता,” ते म्हणाले. “म्हंजे, कसं आहे जावईबापू, व्यापारी गाडी भरताना जो माल निवडून बाजूले फेके ना, तो. फेकाचा कुठी? आमची गाय त्याले तोंड लावे ना. तवा शेवंता म्हने, वाया काबरं घालता, जावयाले धाडा, तो आवडीनं खातो.”

लीलाधरच्या डोळ्यांसमोर जळगावातली ती कोपऱ्यावरची गाय उभी राहिली.

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, “तुमची जयगावची गाय खाते पन?”

“खाते,” लीलाधर म्हणाला.

“खाते ना? मंग काही हरकत नाही,” आबा समाधानाने म्हणाले. “धाडत जाऊ.”