बिनमिठाची भाजी

आमच्या दहिवलीच्या विहारात ध्यानाची घंटा झाली, की सगळे डोळे मिटतात आणि सुमनकाकू उघडतात. कोण पेंगतंय, पंखा कुठं कुरकुरतोय, हे बघून झालं की त्या हळूच उठतात आणि दाराबाहेरच्या चपला जोडीनं लावतात. आमची मनं एकाग्र होण्याआधी आमच्या चपला एकाग्र झालेल्या असतात.

"बसून कुनाचं पोट भरलंय रं?" हे त्यांचं पालुपद. वस्तीत कुणी आजारी पडो नाहीतर बाळंत होवो, डॉक्टरच्या आधी काकूंचं पातेलं पोचतं.

काका अगदी उलटे. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते पहाटे ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसतात. दूध उतू गेलं तरी त्यांच्या लेखी सगळं अनित्य. काकूंना झाडायची घाई. एकदा त्यांनी काकांना आसनासकट सरकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात काकांनी जाहीर केलं, की शिबिरात जाऊन काही दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होणार. डोकं भादरायचं, चीवर घालायचं, दुपारनंतर जेवायचं नाही. काकू उखडल्या.

"भगवंतांनी घर सोडलं ते राजाचं," त्या मला म्हणाल्या. "मागं पानी भरायला मानसं होती. आमच्याकडं नळ कवा येतो नि कवा जातो, कुनाला ठावं नाय."

खरी भीती निराळी होती. असाच एक जण शिबिराला गेला आणि चीवर न उतरवता तिकडेच राहिला, हे त्यांच्या कानावर आलं होतं. आणि काका तर घरात बसूनच निम्मे गेलेले.

शिबिरातले श्रामणेर भिक्षेला आमच्याच वस्तीत आले. रांगेत, अनवाणी, नजर खाली. कुणी शिरा वाढला, कुणी पुऱ्या. काका पात्र घेऊन स्वतःच्याच दारात उभे राहिले. मागायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. काकू आता काय सुनावतात म्हणून आम्ही सगळे कान टवकारून होतो.

काकूंनी पदर सावरला, गुडघे टेकून तीनदा वाकल्या आणि पात्रात तांदळाची भाकरी ठेवली. वर वेगळी शिजवलेली बिनमिठाची भाजी. काकांना ब्लडप्रेशर आहे.

"भन्ते, गोळी घेता ना?"

काकांनी नजर खालीच ठेवून मान हलवली. रांग पुढं गेली.

"येतील ना रं परत?" काकूंनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मला तरी काय माहीत?

मग त्या ओटी झाडायला लागल्या. भिंतीपाशी काकांचं रिकामं आसन होतं. ते त्यांनी सरकवलं नाही. त्याच्या भोवतीनं झाडलं.