कदम खलास!

"अरबी? अरबी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" सादिक मुकादम रुवीतल्या कुठल्याही कॅफेटेरियात चहाचा कप उंचावून सांगायचा. "अरे, इतकी वर्षं ओमानचं पाणी प्यायलोय! अर्बाब नुसता खाकरला तरी मला कळतं त्याला काय हवंय!"

आता खरं सांगायचं तर अर्बाब, म्हणजे त्याचा ओमानी मालक, त्याच्याशी हिंदीत बोलायचा. सादिकची अरबी म्हणजे यल्ला, खलास, ताबान, शील, जीब, जदीद, आठवड्याचे वार आणि तोंडी लावायला इन्शाल्ला. एवढ्या शिदोरीवर गड्याने अर्धं आयुष्य काढलं होतं. कुणी कधी परीक्षा घेतली नाही, म्हणून पासही झाला होता!

सादिक मूळचा रत्नागिरीकडचा. अर्बाब खल्फानच्या दहा मजली ऑफिस बिल्डिंगचा तो केअरटेकर. 'मुकादम' हे लांबलचक आडनाव अर्बाबला झेपेना, म्हणून त्याने पुढचा 'मु' छाटला आणि उरलेल्या 'कादम'चं 'कदम' करून टाकलं. तेव्हापासून बिल्डिंगभर सादिक म्हणजे 'कदम'.

बिल्डिंग जुनी. कमानीच्या खिडक्या, पितळी मुठीचं दार आणि खोकत खोकत वर जाणारी लिफ्ट. आजूबाजूला चकचकीत काचेच्या इमारती उठल्या, तरी अर्बाबला ती पाडायची नव्हती. वडिलांनी बांधलेली ना! बाहेरचं रूप जसंच्या तसं ठेवायचं आणि आतलं सगळं नवं करायचं, असं ठरलं. त्यासाठी रहिमा मॅडम नावाच्या ओमानी इंजिनियरबाई फेऱ्या मारू लागल्या.

एका सकाळी सादिक दहाव्या मजल्यावर जिन्याच्या आडोशाला बल्ब बदलत होता. लिफ्टपाशी अर्बाब आणि मॅडम बोलत होते. अरबीत, आणि तेही लाह्या फुटाव्यात तसं! सादिकने कान टवकारले, तर चक्क त्याचंच नाव!

"कदम ताबान!" अर्बाब म्हणाला.

कदम थकलाय, असं सादिकने मनात भाषांतर केलं. त्याला भरून आलं. किती काळजी अर्बाबला आपली!

"कदम खलास! शील कदम, जीब जदीद!"

कदम संपला! कदमला काढा, नवा आणा! सादिकच्या हातातून बल्ब निसटता निसटता राहिला.

"सक्राब?" मॅडमने विचारलं.

"सक्राब! खमीस, इन्शाल्ला!"

गुरुवारी! भंगारात!

वादी अदाई भागातल्या घरी पोचेपर्यंत तो एकच हिशेब करत होता. नोकरी गेली की व्हिसा गेला. आपला गेला की बायकोचा, फरिदाचा गेला आणि मुलीचा, सनाचाही. आणि सना बारावीला! बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असताना पोरीला काय सांगायचं, बॅग भर म्हणून?

"जेवत का नाही तुम्ही?" फरिदाने विचारलं.

"फरिदा, अर्बाबने मला भंगारात काढलंय!"

"भंगारवाल्याने तरी घ्यायला हवं ना तुम्हाला!" ती म्हणाली आणि मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. तिच्या हातातली पळी तशीच थांबली. "या अल्ला! खरंच?"

"अब्बा, एक्झॅक्टली काय बोलले ते?" सना म्हणाली. "मला स्कूलमध्ये अरेबिक आहे. सांगा ना, मी मीनिंग..."

"तू अभ्यास कर! निघाली बापाला अरबी शिकवायला!"

दुसऱ्या दिवशी त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या ज्युलियसला गाठलं. ज्युलियस वसईचा. एका ऑफिसात क्लार्क, आणि सादिकचा जिवाभावाचा मित्र. पण जीव चिमणीएवढा!

"आपण अर्बाबला दाखवून द्यायचं की कदमशिवाय ही बिल्डिंग चालत नाही," सादिक कुजबुजला. "गुरुवारी तो आणि मॅडम लिफ्टमध्ये शिरतील. तू तळमजल्यावर पॅनल रूममध्ये लपून राहा. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला की थोडं थांब आणि स्विच खाली ओढ. लिफ्ट अडकेल, अर्बाब ओरडेल. मग मी धावत वर मशीन रूममध्ये जाईन, हँडल फिरवून त्याला सोडवेन. मला काढायची हिंमत होईल का त्याची?"

"आणि पकडलो गेलो तर? दोघं एकाच विमानात बसू!"

"माझ्या सनाची बारावी आहे रे, ज्युलियस."

ज्युलियसने गळ्यातल्या क्रॉसला हात लावला आणि मान डोलावली.

गुरुवार उजाडला. सादिक लिफ्टपाशी उभा राहिला. अर्बाब आला, मॅडम आल्या. सादिकने अदबीने दार धरलं.

"कदम, तू भी चल," अर्बाब म्हणाला.

"मैं? नहीं नहीं अर्बाब, मैं सीढी से..."

"अरे यल्ला!" म्हणत अर्बाबने त्याचा दंड धरून आत ओढलं. दार खडखडत लागलं.

पॅनल रूममध्ये ज्युलियसला फक्त तो खडखडाट ऐकू आला. मित्र दिलेल्या शब्दाला जागला!

पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लिफ्ट गचकन थांबली. मिट्ट काळोख! हँडल फिरवता येणारा बिल्डिंगमध्ये एकच माणूस, आणि तो आत! मोबाईलला रेंज नाही, पंखा बंद. आता श्वास कोंडून तिघंही जाणार, आणि दोघांचा खून आपल्या माथी येणार! त्याने येतील त्या सगळ्या दुआ एका दमात म्हटल्या आणि मग बांध फुटला.

"अर्बाब, मुझे मत निकालो! मेरी लडकी बारहवी में है! मुझे सक्राब मत करो!"

"तुमको? किसने बोला?"

"आपने बोला! मैंने खुद सुना! कदम ताबान, कदम खलास, शील कदम!"

अंधारात आधी मॅडम खुदकन हसल्या. मग अर्बाबचा आवाज आला, "अरे पागल! कदम नहीं, कदीम! कदीम! पुराना! मैं लिफ्ट को बोला!"

सादिकला हायसं वाटलं, पण ते पापणी लवेपर्यंतच टिकलं. कारण जिन्यातून बोंब ऐकू आली.

"सादिक! अरे मेलास कुठे? स्विच बंद करून कधीचा बसलोय! अर्बाबला सोडवायला येतोयस ना?"



"स्विच?" अर्बाबने सावकाश विचारलं. "बंद?"

आता मात्र सगळं संपलं! सादिकच्या डोळ्यांपुढे विमानतळ उभा राहिला, बॅगा उभ्या राहिल्या, पुस्तकं छातीशी धरून रडणारी सना उभी राहिली. तेवढ्यात लिफ्ट गदागदा हलायला लागली. दोर तुटला, असं वाटून त्याने किंकाळी फोडली. पण दोर कुठला तुटतोय! अर्बाब पोट धरधरून हसत होता.

किंकाळी ऐकून ज्युलियसने खाली धाव घेतली आणि स्विच चालू केला. लिफ्ट वर गेली, दार उघडलं आणि अर्बाबचं हसू थांबलं.

"नौकरी रहेगी," तो म्हणाला. "लडकी पढेगी. लेकिन आज से मैं तुमसे हिंदी नहीं बोलेगा. सिर्फ अरबी! खलास!"

घरी सनाने एवढंच म्हटलं, "अब्बा, मी विचारलं होतं." आणि फरिदाने सादिकच्या कानाला लागून अल्लाचा शुकराना केला, तो सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू गेला.

मग जुनी लिफ्ट निघाली. नवी यायला अवकाश होता, तोवर सगळ्यांना जिना. जुन्या लिफ्टची पितळी बटनांची भलीमोठी पाटी मात्र अर्बाबने आठवण म्हणून तळमजल्यावर ठेवून घेतली. सादिक रोज रात्री सनासमोर वही घेऊन बसायचा. कदीम म्हणजे जुना, जदीद म्हणजे नवा. पुन्हा चूक होणे नाही!

एके दिवशी दहाव्या मजल्यावरून अर्बाबचा फोन आला. "कदम! फोक! यल्ला!"

फोक म्हणजे वर. पण कदम? सादिक गालातल्या गालात हसला. आता फसतोय होय! कदम नाही, कदीम! म्हणजे ती जुनी पाटी वर हवी! त्याने ती पाट्यासारखी जड पाटी खांद्यावर घेतली आणि दहा मजले चढला. वाटेत दोनदा मरणाची भीती वाटली, ती वेगळीच. अर्बाबच्या टेबलावर पाटी आदळून तो धापा टाकत म्हणाला, "कदीम, अर्बाब!"

अर्बाबने एकदा सादिककडे, एकदा पाटीकडे बघितलं. त्याच्यापुढे चहाचे दोन कप होते.

"मैंने कदम को बुलाया था," तो हिंदीत म्हणाला. "चाय पीने."

सादिक मटकन खुर्चीत बसला.

"कदम ताबान!" अर्बाब म्हणाला, आणि या वेळी मात्र सादिकचं भाषांतर अगदी बरोबर होतं.