मांडीतले पाच भाऊ

माळेगावात आमच्या आळीत कुणाकडंही गेलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं येई. दगडूतात्यांकडं नारळ येई. तो हातात घ्यायचा नसे. बाकड्यावर बसून दोन गुडघ्यांत धरायचा आणि तात्या दहा मोजेपर्यंत दाबायचा. "पडला तर च्या न्हाय," असा नियम. पोस्टमनचा रोज पडे.

हे खूळ त्या हिवाळ्यातलं. काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, गोठ्यात शेणावरून पाय घसरला. दोन पाय दोन दिशांना गेले आणि मांडीच्या आत काहीतरी फाटलं. काकू ओसरीवरच्या बाजेला खिळल्या. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला धड धार काढू देईना; तात्यांनी चार लाथा खाल्ल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी भिंतीवरचं मांडीच्या स्नायूंचं चित्र दाखवून दुखणं समजावलं, आणि तात्या तिथूनच बिघडून आले.

"मांडीच्या आत पाच भाऊ हायेत," ते दिसेल त्याला धरून सांगत. "पाचीबी वर कमरंच्या हाडाला बांधल्यात. चौघं मांडीतच ऱ्हात्यात, पाचवा लंबू गुडघ्याखाली जाऊन वेगळा ऱ्हायलाय. पण मांड्या जवळ वढायची येळ आली की समदे येकदम! त्यांच्याबिगर धारंची चरवी गुडघ्यात धरून दावा की!"

मी साखर कारखान्यातला कारकून, चारचौघांत मान असलेला माणूस. एसटीडी बूथच्या रांगेत त्यांनी मला मोठ्यानं विचारलं, "तुमचं पाच भाऊ काय म्हणत्यात? ढिलं दिसत्यात." रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझं टाळकंच सरकलं.

भांडायला म्हणून गेलो. ओसरीवर पोस्टमन गुडघ्यांत नारळ धरून लालबुंद झाला होता. समोर, नुकत्याच उठून बसू लागलेल्या काकूंच्या गुडघ्यांतही नारळ होता, पदराखाली झाकलेला.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टरनं हिला ह्यो व्यायाम सांगितला, तर म्हणाली, या वयात मांड्या कसल्या दाबू, लोक हसत्याल. म्हणलं, समद्यांनाच दाबाय लावतो. मग हसंल कोण?"

मला लाज वाटली. मी नारळ मागून घेतला.

संक्रांतीनंतर काकू म्हशीखाली बसल्या, गुडघ्यांत चरवी धरून. आम्ही सगळे गोठ्याच्या दारात. म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि पान्हा सोडला. तात्या सवयीनं मोठ्यानं मोजायला लागले. सातापर्यंत आले, पुढं त्यांना मोजता येईना.

"आठ," पोस्टमन म्हणाला.