दोन इंचांचा संशय

दुकानात खाली कापड कापलं जाई आणि वर पोटमाळ्यावर ते शिवलं जाई. मधल्या लाकडी जिन्याने कापडाची ये-जा चाले. माणसं मात्र शक्यतो आपापल्या मजल्यावरच राहत. खालच्या कटिंग मास्तरांचं ठाम मत होतं, की वरचे कारागीर कापड खातात. वरच्या कारागिरांचे म्होरके चष्मेवाले काका. त्यांचं मत असं, की मास्तर माप माणसाचं घेतात आणि कापड हत्तीचं कापतात. चौदा वर्षं एका छपराखाली काढून दोघांनी ही मतं जिवापाड जपली होती. दुकानाच्या फिटिंगबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती, आणि त्याचं श्रेय दोन्ही मजले परस्पर स्वतःकडे घेत.

मग मास्तरांची मुलगी वकील झाली. सोमवारी तिला पहिल्यांदाच कोर्टात उभं राहायचं होतं. मास्तरांनी काळं कापड स्वतः निवडलं, तिचं माप तीनदा घेतलं, या वेळी तंतोतंत तेवढंच कापलं आणि जिन्याशी येऊन बजावलं, "काका, माझ्या लेकीचा कोट आहे हा. बरोबर खडूच्या रेघेवर शिवा."

"बरं," असं म्हणून काका कारागिरांकडे वळले. "लेकीचा कोट म्हणजे मास्तरांनी हात आणखीच सैल सोडला असणार. नेहमीसारखे दोन इंच आत घ्या."

शनिवारी मुलीने कोट घातला, कसंबसं बटण लावलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"बाबा, कोर्टात बोलावंही लागतं," ती म्हणाली.

उसवून सैल करावा तर आत कापडच नव्हतं. मास्तरांचा पारा चढला. लेकीच्या कोटातही खाल्लंच मेल्यांनी! त्यांनी नवं कापड काढलं, या खेपेला दोन इंच जास्त धरून कापलं आणि एक शब्दही न बोलता वर धाडलं. वर काकांना, जिन्यातून पाहिलेला त्या पोरीचा रोखलेला श्वास आठवून ओशाळल्यासारखं झालं होतं. उगाच संशय घेतला आपण, असं म्हणत त्यांनी रविवारी स्वतः मशीनवर बसून अगदी खडूच्या रेघेवर टाके घातले.

दुपारी मुलीने कोट घातला आणि आरशात बराच वेळ पाहिलं. "यात मी आणि माझा अशील, दोघं मावू."

आता काका खाली उतरले, मास्तर जिन्यापर्यंत गेले, आणि दुकानाच्या मालकीणबाई हातातला टेप तसाच घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"दोन इंच जास्त कापलं मी. नेहमीच कापतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही खाता म्हणून."

"आम्ही कशाला खातोय? दोन इंच आत घेतो, तेही नेहमीच. तुम्ही ढगळ कापता म्हणून."

मालकीणबाईंनी मनातल्या मनात चौदा वर्षांचे कोट आठवले आणि खुर्चीत बसल्या. मुलगी मात्र हसली. "काका, माझ्यावर एक उपकार करा. घ्या ना संशय, दोनच इंच."

काकांनी तासाभरात कोट आत घेतला. तो असा बसला की मास्तरांना भरून आलं. मुलीने हात वर करून पाहिले, खाली करून पाहिले, मोठ्याने चार वाक्यं बोलून पाहिली. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

त्या भरात मास्तरांनी काकांचा हात धरला. "चुकलं माझं. उद्यापासून बरोबर मापात कापीन."

"मीसुद्धा रेघ सोडणार नाही," काका म्हणाले.

सोमवारी एका डॉक्टरांचा कोट कापायला घेतला. मास्तरांनी खडू उचलला आणि थांबले. काका बोलले खरे, पण इतक्या वर्षांची खोड एका दिवसात जाते थोडीच? त्यांनी दोन इंच जास्त धरले. वर काकांनी ते कापड उलटसुलट करून पाहिलं. मास्तर मनाने चांगले आहेत, पण हात तोच ना. त्यांनी दोन इंच आत घेतले.

कोट डॉक्टरांना अगदी चपखल बसला. मास्तरांनी वर पाहिलं, काकांनी जिन्यातून खाली. समोरचा माणूस दिल्या शब्दाला जागला, म्हणून दोघांनाही फार बरं वाटलं.